देवीचा रोग गेला, पण धडा उरला

घरातील ज्येष्ठांच्या हातावरचा मोठा, खोलगट वण आपण पाहिला असेल. तो देवी काढल्याची खूण. आजच्या मुलांच्या दंडावरचा लहान वण बीसीजी लसीचा, म्हणजे क्षयरोगाविरुद्धचा असतो. त्यांना देवी काढण्याची गरज उरली नाही.

एकट्या विसाव्या शतकात देवीने सुमारे ३० कोटी बळी घेतल्याचा अंदाज आहे. लागण झालेल्या शंभरांपैकी सुमारे तीस जण दगावत. अखिल मानवजातीवरील असे संकट कसे हटले, हे प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यावे.

भारतात देवीची पहिली यशस्वी लस १८०२ साली मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. तरीही रोग पुढे १७३ वर्षे टिकला. सरसकट लसीकरण पुरेसे पडेना. मग १९७३ पासून आरोग्य कर्मचारी घरोघर जाऊ लागले. देवी आलेल्या बालकाचे चित्र दाखवून ते विचारत, ‘असा रुग्ण कोठे पाहिला का?’ खबर देणाऱ्यास बक्षीस असे. रुग्ण सापडताच त्याला वेगळे ठेवून सभोवतालच्या सर्वांना लस दिली जाई. मे १९७५ मध्ये देशातील शेवटचा रुग्ण आढळला. १९७७ मध्ये सोमालियात जगातील शेवटची नैसर्गिक लागण झाली. ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त घोषित झाले.

मात्र धोका निःशेष झालेला नाही. १९७८ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे प्रयोगशाळेतील विषाणूची लागण होऊन एका महिलेचा मृत्यू झाला. आजही अमेरिका व रशियातील प्रत्येकी एका प्रयोगशाळेत हा विषाणू जपून ठेवला आहे. शिवाय नवे साथरोग उद्भवू शकतात, हे कोविडने दाखवून दिले.

अशा वेळी आपण काय करावे? मुलांचे लसीकरण वेळापत्रकानुसार पूर्ण करावे आणि त्याची नोंद जपावी. घरात वा शेजारी एकाच वेळी अनेकांना ताप, पुरळ किंवा जुलाब झाल्यास आशाताईंना अथवा आरोग्य केंद्राला त्वरित कळवावे. आजार लाजेपोटी लपवू नये. रुग्णाला दूषण देऊ नये. लस हाती असूनही देवी हटली ती कोणीतरी वेळेवर खबर दिली म्हणून. पुढील साथीची पहिली खबरही एखाद्या घरातूनच येईल; कदाचित आपल्याच.