ऊन, सावली आणि जीवनसत्त्व 'ड'

'कोवळ्या उन्हात बसावे, हाडे बळकट होतात,' हा वडीलधाऱ्यांचा उपदेश आपण सर्वांनीच ऐकलेला आहे. कोवळे ऊन सुखद खरे, परंतु हाडांच्या बळकटीचे श्रेय त्यास देता येईल काय, याचा विचार करू.

इ. स. १९१९ मध्ये बर्लिन येथे कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरांनी मुडदूस झालेल्या बालकांवर पाऱ्याच्या दिव्याचे अतिनील किरण सोडले. बालकांची हाडे सुधारली. विशेष असे की, एकाच हातावर किरण सोडले तरी दुसऱ्या हाताचे हाडही बरे होत असे. त्वचेत तयार झालेले काही द्रव्य रक्तावाटे सर्व शरीरभर पोहोचते, हे त्यावरून सूचित झाले. तेच जीवनसत्त्व 'ड'.

सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील-ब किरण त्वचेवर पडले की तेथील एका कोलेस्टेरॉलसदृश द्रव्याचे रूपांतर होऊन हे जीवनसत्त्व बनते. पुढे यकृत व मूत्रपिंड यांत त्यास कार्यक्षम रूप येते आणि आतड्यांतून कॅल्शियम नीट शोषले जाते. सूर्य क्षितिजाजवळ असताना मात्र किरणांना वातावरणातून तिरपा, लांबचा मार्ग आक्रमावा लागतो. त्या वाटेत ओझोन वायू अतिनील-ब किरण बहुतांशी शोषून घेतो. म्हणून कोवळ्या उन्हात ऊब असते, पण हे किरण फारसे नसतात. खिडकीची काचही त्यांना अडविते.

मग योग्य वेळ कशी ओळखावी? घड्याळापेक्षा आपली सावली अधिक विश्वसनीय. सावली उंचीहून आखूड असेल, तर सूर्य ४५ अंशांहून वर आहे व किरण पुरेसे आहेत, असे समजावे. आपल्या इंदुरात मे महिन्यात ही स्थिती सकाळी नऊच्या सुमारासच येते. उलट २२ डिसेंबरच्या आसपास भर मध्यान्हीही सावली उंचीहून किंचित लांबच राहते. म्हणून हिवाळ्यात दुपारचे बाराचे ऊन टाळू नये, आणि उन्हाळ्यात ते मुळीच अंगावर घेऊ नये.

अधिक ऊन म्हणजे अधिक लाभ, असेही नव्हे. काही काळानंतर त्वचेत बनणारे जादा द्रव्य उन्हानेच निष्क्रिय होऊ लागते. लाभ थांबतो, इजा मात्र वाढतच जाते. तेव्हा त्वचा लाल होण्यास जेवढा वेळ लागतो, त्याच्या निम्म्याहून कमी वेळ, आठवड्यातून काही दिवस, हातपाय उघडे ठेवून उन्हात राहावे. सावळ्या त्वचेस गौरवर्णीयांपेक्षा अधिक वेळ लागतो. तिच्यावर लाली सहज दिसत नाही, म्हणून चुरचुर किंवा ताण जाणवताच सावलीत यावे. तान्ह्या मुलांस थेट उन्हात ठेवू नये. ज्यांना औषधांमुळे ऊन सोसत नाही, अथवा ज्यांचा दिवस घरातच जातो, त्यांनी वैद्यकीय सल्ल्याने जीवनसत्त्वाची मात्रा घ्यावी.

शाळेपुरते बोलायचे तर हिवाळ्यातील खेळाचा तास भल्या सकाळी न ठेवता मधल्या सुट्टीलगत ठेवणे सहज शक्य आहे. त्यास खर्च नाही. वेळापत्रकात एक ओळ बदलावी लागेल, इतकेच. वाढीच्या वयातील हाडे पुन्हा घडविता येत नाहीत. म्हणून हा बदल पुढील हिवाळ्याची वाट न पाहता व्हावा, अशी शिक्षक व पालक यांना नम्र विनंती आहे.