देश संघात गेला, गावाने काय केले?

मंडळी, कोल्हापूरजवळ वळिवडे नावाचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या गावाशेजारी एक मोठी छावणी उभी राहिली. 1943 पासून 1948 पर्यंत तिथे सुमारे पाच हजार परदेशी माणसे राहिली. त्यांत बायका आणि मुलेच फार. ही माणसे पोलंड देशाची. लढाईने त्यांचे घरदार हिरावून घेतले होते. आपल्या मातीने त्यांना आसरा दिला. त्यांच्या आठवणीचा स्तंभ आजही कोल्हापुरात आहे.

आज आपण त्याच पोलंड देशाची एक गोष्ट समजून घेऊ. ही गोष्ट लढाईची नाही. ती नळाची, गटाराची आणि पंचायतीची आहे.

देशांचा संघ म्हणजे काय?

आपल्या गावात सहकारी सोसायटी असते. सभासदाचे शेत त्याचेच राहते. बैल त्याचे, घर त्याचे. पण सोसायटीत नाव घातले, की सोसायटीचे नियम पाळावे लागतात. फायदा मिळतो, तशी जबाबदारीही येते.

युरोपातल्या देशांनी असेच केले. हे देश पूर्वी एकमेकांशी लढत असत. दोन महायुद्धांत लाखो माणसे मेली. शेवटी 1951 साली सहा देशांनी करार केला. कोळसा आणि पोलाद यांचा व्यवहार एकत्र करायचा, असे ठरले. पुढे व्यापार वाढला, सभासद वाढले. त्यातूनच आजचा युरोपीय संघ तयार झाला. 1 मे 2004 रोजी एकदम दहा नवे देश त्यात आले. पंधराचे पंचवीस झाले. त्या दहांत पोलंड सर्वांत मोठा. आज या संघात 27 देश आहेत.

आपला भारतही 1985 पासून शेजारच्या देशांच्या सार्क नावाच्या संघटनेत आहे. पण सार्कचे कायदे आपल्या गावात येऊन लागू होत नाहीत. युरोपीय संघाचे होतात. पाणी कसे असावे, सांडपाणी कुठे सोडावे, कचरा कसा टाकावा, याचे नियम संघ करतो. प्रत्येक सभासद देशाला ते पाळावेच लागतात.

तुम्ही म्हणाल, करार झाला राजधानीत. सह्या केल्या मंत्र्यांनी. मग गावाचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. तोच आता पाहू.

आधी गाव मोकळे झाले

पोलंडमध्ये आपल्या पंचायतीसारखी जी संस्था आहे तिला ‘ग्मिना’ म्हणतात. नाव जरा अवघड आहे. दोनदा म्हटले, की जिभेला वळण लागते. एका ग्मिनेत बहुधा अनेक गावे असतात. साऱ्या देशात अशा जवळजवळ अडीच हजार ग्मिना आहेत. ग्मिनेचे निवडून दिलेले मंडळ असते. खेड्यांच्या ग्मिनेचा जो मुख्य, त्याला ‘वुइत’ म्हणतात. 2002 सालापासून त्याला लोक थेट मत देऊन निवडतात. शिवाय एकेका गावाचा आपला एक मुखिया असतो. त्याला म्हणतात ‘सोल्तिस’. गावाची सभा त्याला निवडते.

पण हे सारे नेहमीच असे नव्हते. 1950 साली तिथल्या सरकारने गावांचा स्वतंत्र कारभार कायद्याने काढून घेतला. समित्या नावाला राहिल्या. हुकूम वरून येई, खालचे लोक मान हलवीत. उंटावरून शेळ्या हाकण्याचा प्रकार! रस्ता कुठे हवा ते गावाला ठाऊक, पण ठरवणार वरचा साहेब.

चाळीस वर्षे असे चालले. मग 1989 साली राज्य बदलले. मार्च 1990 मध्ये नवा कायदा झाला आणि मे महिन्यात ग्मिनांच्या निवडणुका झाल्या. ग्मिनेला स्वतःची मालमत्ता मिळाली. स्वतःचा जमाखर्च मिळाला. प्राथमिक शाळा, पाणी, सांडपाणी, गावचे रस्ते ही कामे हळूहळू तिच्याकडे आली.

म्हणजे देश संघात जाण्याआधी चौदा वर्षे गावांनी कारभाराचा सराव केला होता. पुढे हा सराव फार कामी आला.

लोकांना विचारले

संघात जावे की नाही, हे पोलंडने लोकांच्या मताने ठरवले. 7 आणि 8 जून 2003 हे मतदानाचे दोन दिवस. नियम असा, की निम्म्याहून जास्त मतदारांनी मत दिले तरच लोकांचा निकाल बंधनकारक.

मतदारांची यादी ठेवणे हे काम ग्मिनेचे. मतदानाच्या जागा ठरवण्याचे कामही तिचेच. पहिल्या दिवशी काय झाले? पाचांतला एकसुद्धा मतदार पुरता आला नाही. सगळ्यांच्या जिवाला घोर लागला. दुसऱ्या दिवशी मात्र लोक घराबाहेर पडले. शेवटी शंभरांतल्या सुमारे 59 मतदारांनी मत दिले. ज्यांनी मत दिले, त्यांतले शंभरी 77 संघाच्या बाजूचे निघाले.

खेड्यांत भीती होती, विशेषतः पूर्वेकडच्या भागात. शेतकरी म्हणत, “श्रीमंत देशांतले लोक येतील आणि आमची जमीन स्वस्तात घेऊन जातील.” भीती खोटी नव्हती. म्हणून सरकारने करारातच सोय करून घेतली. परदेशी माणसाला शेतजमीन विकण्यावर 12 वर्षे बंधन राहिले. ते 2016 साली संपले.

नियम वरचा, खोरे गावाचे

आता सांडपाण्याचे उदाहरण घेऊ. संघाचा नियम असा: गाव किंवा शहर ठरावीक आकाराहून मोठे असेल, तर त्याचे सांडपाणी तसेच नदीत सोडायचे नाही. नळातून गोळा करायचे, स्वच्छ करायचे, मग सोडायचे. साधारण दोन हजार माणसांच्या वस्तीपासून हा नियम लागू होतो.

नियम चांगला आहे. वरच्या गावाने घाण सोडली, तर खालच्या गावाने काय प्यायचे? पण पोलंडच्या कितीतरी गावांत त्या वेळी गटाराचे नळच नव्हते. घराजवळ खड्डा असे. तो भरला, की टाकी आणून उपसायचा. म्हणून पोलंडने मुदत मागितली. 2015 साल संपेपर्यंत टप्प्याटप्प्याने काम करायचे ठरले.

मुदत कोणी मागितली? सरकारने. सही कोणी केली? सरकारने. पण रस्ता खणायचा कोणी? ग्मिनेने! सांडपाणी हे काम कायद्याने तिचेच. कुणाच्या दारावरून नळ जाईल, कुणाचे कुंपण मोडेल, पाणीपट्टी किती वाढेल, हे सारे गावातच ठरायचे. लोकांची बोलणीही तिथेच खायची.

पैसा कुठून आला?

संघाने पैसा दिला, हे खरे. गरीब भागाला वर काढण्यासाठी संघाकडे मोठे निधी आहेत. पण पैसा आकाशातून पडला नाही. त्याच्या अटी होत्या. हिशेब करून पाहू.

समजा, एका कामाला 100 नाणी लागतात. सुरुवातीच्या वर्षांत अशा बऱ्याच कामांना संघ 75 पर्यंत देई. उरलेली 25 आपल्याच देशातून, आणि बहुधा ग्मिनेच्या तिजोरीतून. त्यातही मेख अशी, की बऱ्याच कामांत आधी सगळा खर्च स्वतः करायचा. काम पुरे करायचे, पावत्या दाखवायच्या, तपासणी करून घ्यायची. मग संघाचा वाटा परत मिळायचा. एक पावती चुकली किंवा ठेका नियमाप्रमाणे दिला नाही, की पैसे अडकले.

आता ज्या ग्मिनेला नदी साफ करायची निकड जास्त, तीच बहुधा गरीब. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? मग तिने कर्ज काढायचे. पण कर्जालाही हद्द होती. वर्षाचे उत्पन्न 100 असेल, तर एकूण कर्ज 60 च्या वर जाऊ नये, असा तेव्हा तिथला कायदा होता. संघाच्या कामासाठी काढलेल्या कर्जाला त्यात काही सवलत मिळे. तरी कर्ज ते कर्जच. ते फेडावे लागते.

म्हणून प्रत्येक ग्मिनेपुढे अवघड प्रश्न उभा राहिला. आज कर्ज काढावे आणि नळ घालावा? की कर्ज टाळावे आणि ही संधी सोडावी? ज्यांनी आधीच नकाशे काढून ठेवले होते, कागद नीट ठेवले होते, थोडी शिल्लक बाजूला टाकली होती, त्यांचा अर्ज पहिल्या रांगेत लागला. बाकीच्यांना मागे थांबावे लागले.

गावसभेचा ठराव

एक गोष्ट मात्र ध्यानात धरण्याजोगी आहे. गावाचे रूप सुधारण्यासाठी वेगळी योजना होती. समाजमंदिर दुरुस्त करणे, चौक नीट करणे, मुलांना खेळायला जागा करणे, अशी कामे त्यात येत. त्या पैशासाठी गावाचा आराखडा लागे. आपल्या गावात काय आहे, काय नाही, आधी काय करायचे, हे त्यात लिहायचे. तो आराखडा आधी गावाच्या सभेने मान्य करायचा. मग ग्मिनेच्या मंडळाने. सभेचा ठराव नसेल, तर अर्ज पुढे सरकत नसे.

म्हणजे पैसा दूर परदेशातून येणार, पण त्याची पहिली चावी गावसभेच्या हाती!

काय साधले, काय राहिले?

पुष्कळ साधले. संघात गेल्यापासून पंधरा वर्षांत पोलंडमधल्या गटारांच्या नळांची लांबी दुपटीहून जास्त झाली. घाण पाणी साफ करणारी केंद्रे उभी राहिली. रस्ते झाले, शाळा सुधारल्या.

पण सगळेच साधले नाही. मुदत संपली तरी कितीतरी ठिकाणचे काम अपुरे होते. 2022 साली संघाच्या आयोगाने पोलंडवर संघाच्या न्यायालयात दावा लावण्याचे ठरवले. आता पाहा, काम होते ग्मिनांचे, पण न्यायालयात उभे राहायचे देशाने. गाव आणि देश असे एका दोरीला बांधलेले असतात. गाव मागे पडले, तर देशाला ओढ बसते. आणि देशाने गावाला पैसा व वेळ न देता वचन दिले, तर गावाच्या गळ्याला फास बसतो.

गावाचे कोण ऐकतो?

मग नियम करतानाच गावाला का विचारू नये? हा प्रश्न युरोपातही उठला. म्हणून 1994 सालापासून संघात एक समिती काम करते. वेगवेगळ्या देशांतले गावांचे, शहरांचे आणि प्रांतांचे निवडून आलेले कारभारी तिच्यात बसतात. पोलंडच्या जागा 21 आहेत. गावांवर परिणाम करणारा नियम करताना या समितीचे मत घ्यावे लागते. ती सांगू शकते, “हा नियम चांगला, पण लहान गावाला झेपणार नाही.” तिचे मत मानलेच पाहिजे असे बंधन मात्र नाही. आवाज आहे, पण शेवटचा शब्द नाही. तरी आवाज असणे हेही थोडे नव्हे. जे बोलत नाहीत त्यांचे कोणीच ऐकत नाही.

आपण काय घ्यावे?

आपला देश अशा संघात नाही. पण योजना आपल्याकडेही वरूनच येतात. कधी दिल्लीहून, कधी मुंबईहून. पाण्याची योजना येते, संडासाची येते, रस्त्याची येते. कागदावर सगळे छान असते. गावात ती नीट उतरते की नाही, ते ग्रामपंचायतीवर आणि ग्रामसभेवर ठरते. पंचायतीचे दप्तर नीट आहे का? गावाने आपली गरज लिहून ठेवली आहे का? सभेला माणसे येतात का, की चारच डोकी बसून ठराव करतात?

आता तुम्हाला वाचता येते. पुढच्या ग्रामसभेची सूचना फळ्यावर लागली, की ती स्वतः वाचा. सभेला जा. जमाखर्च वाचून दाखवा म्हणा. न समजलेला आकडा विचारा. त्यात लाज कसली? पैसा गावाचा आहे.

जुनी माणसे म्हणतात, गाव करील ते राव काय करील! करारावर सही राव करतो. पण खोरे उचलून चर खणायचा असतो तो गावाने. पोलंडच्या खेड्यांनी तो खणला. कुठे वेळेवर, कुठे उशिरा. जिथे लोक जागे होते, तिथे तो आधी खणला गेला.

वाचून झाल्यावर एकत्र बसून बोला

1. आपल्या गावचे सांडपाणी कुठे जाते? त्याचा त्रास खालच्या गावाला होतो का?

2. गेल्या ग्रामसभेत कोणता ठराव झाला? तो तुम्ही वाचला का?

3. आपल्या गावाने आधी कोणते एक काम करावे? त्याला गाव स्वतः किती वाटा घालू शकेल?