शेगडीतला वायू आणि औषधाची गोळी

समजा, कुंडलिकेकाठच्या आपल्या जुन्या जालन्यात थंडीच्या रात्री कोणी कोळशाची शेगडी पेटवली आणि दारे-खिडक्या लावून घेतल्या. हवा पुरेशी मिळाली नाही की जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. आपल्या रक्तात लोहाचे अणू आहेत, ते प्राणवायू वाहून नेतात. पण या वायूची त्या लोहाशी जवळीक प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक! तो लोहाला चिकटून बसतो, प्राणवायूला जागा उरत नाही, आणि निजलेला माणूस निजलेलाच राहतो.

धातूला चिकटण्याचा हा जो घातक गुण, तोच रसायनशास्त्राने कामाला जुंपला आहे. तो कसा, ते पाहू.

अंगदुखीवरची आयबुप्रोफेनची गोळी बहुतेकांच्या माहितीची. हे औषध पूर्वी सहा पायऱ्यांनी बनत असे. हिशेब मांडला, तर घातलेल्या मालाच्या वजनापैकी ४० टक्केच औषधात उतरे, बाकीचा कचरा. १९९२ साली अमेरिकेत टेक्सास राज्यात तीन पायऱ्यांची रीत सुरू झाली, आणि हा आकडा ७७ टक्क्यांवर गेला. तिची शेवटची पायरी आपल्या या वायूची. पॅलेडियम नावाचा धातू आधी औषधाचा अपुरा रेणू धरतो. मग वायूही त्याच धातूला येऊन चिकटतो. दोघे शेजारी आले की वायू मधे शिरतो आणि रेणूचाच भाग होतो. शेवटी पाण्याच्या साहाय्याने तयार औषध सुटते, धातू मोकळा होतो आणि पुन्हा कामाला लागतो. स्वतः न संपता काम करून देणाऱ्या अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. लग्न जमवणारा मध्यस्थच म्हणा ना!

आपल्याकडेही हे काम झाले आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली सुरू झाली. तेथे डॉ. रघुनाथ चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा क्रियांचा वेग आणि उत्प्रेरक यांचा बरीच वर्षे अभ्यास केला.

गुरुजनांनी वर्गात एवढे जरूर सांगावे: कारखान्यात हा वायू पोलादी भांड्यात कोंडलेला असतो, म्हणून तो चाकर. घरात माणूस त्याच्यासोबत कोंडला गेला, तर तो काळ. तेव्हा निजण्यापूर्वी शेगडी बाहेर काढा आणि खिडकी उघडी ठेवा.