हात कुठे अडतो ते बघा

आमच्या टीममध्ये कॉलेजमधून नवी मुलं आली की विचारतात, "एडिटर कोणता घेऊ?" मी लगेच नाव सांगत नाही. शेजारी खुर्ची ओढून बसते आणि त्यांचे हात बघते.

प्रोग्रामरचा बराचसा दिवस जुना कोड वाचण्यात, हवी ती ओळ शोधण्यात आणि तिथे बारीकसा बदल करण्यात जातो. त्यामुळे एडिटरची पारख कोऱ्या फाइलवर होत नाही. दुसऱ्या कुणीतरी लिहिलेली लांबलचक फाइल उघडायची आणि अवतरणचिन्हांमधला मजकूर बदलायला सांगायचं. बहुतेकांचा उजवा हात माउसवर जातो, मजकूर ओढून निवडतो आणि परत की-बोर्डवर येतो. दिवसभरात हे किती वेळा घडतं, ते त्यांच्या लक्षातही येत नाही.

विम या एडिटरमध्ये माउस लागत नाही; कर्सर त्या अवतरणात ठेवून सी, आय आणि अवतरणचिन्ह दाबलं की आतलं सगळं पुसलं जातं. नवा मजकूर लिहून एस्केप दाबायचं. पुढच्या ओळीतही तोच बदल हवा असेल तर कर्सर तिथे न्यायचा आणि फक्त टिंब दाबायचं. या काटकसरीला कारण आहे. विमचा पूर्वज व्हीआय बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कलीत लिहिला, तो ३०० बॉडच्या संथ मोडेमवर काम करताना. पडदा सावकाश रंगायचा, म्हणून आज्ञा आखूड. एच, जे, के, एल या कीजनी कर्सर हलतो, कारण जॉय यांच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाण याच कीजवर छापलेले होते. ब्राम मूलेनार यांनी १९९१ मध्ये विम प्रसिद्ध केला आणि ही पद्धत आजवर टिकली.

व्हीएस कोड या एडिटरचं बळ वेगळं. फंक्शनच्या नावावर एफ-२ दाबून नवं नाव दिलं की प्रोजेक्टभर ते बदलतं, आणि तीच अक्षरं असलेला भलताच शब्द मात्र तसाच राहतो. यामागे 'लँग्वेज सर्व्हर' नावाचा वेगळा प्रोग्राम कोडचा अर्थ लावत असतो. एडिटरने त्याच्याशी कसं बोलायचं याचे नियम मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये खुले केले. आता विमचाच नवा अवतार असलेल्या निओविमलाही तोच सर्व्हर जोडता येतो. त्यामुळे "हलका एडिटर की हुशार एडिटर" हा वाद बराच निवळला आहे.

म्हणून मुलांना माझं सांगणं असं: सुरुवात व्हीएस कोडने करा, पण विमट्यूटर हा अर्ध्या तासाचा धडा नक्की गिरवा. रात्री सर्व्हर बंद पडतो तेव्हा हातात फक्त काळं टर्मिनल असतं, आणि तिथे बहुधा व्हीआयच भेटतो. शिवाय एडिटर कायमचे नसतात. गिटहबचा ॲटम कितीतरी जणांचा आवडता होता, पण डिसेंबर २०२२ मध्ये तो बंद झाला.

एडिटर घेतल्यावर रंग आणि प्लगइन यांत रमू नका. काम करताना हात जिथे वारंवार अडतो ती एक जागा हेरा, तिच्यासाठीची आज्ञा शोधा आणि बोटांत बसेपर्यंत तीच वापरा. मग पुढची जागा. असं महिनाभर करूनही एखादा एडिटर आडवाच येत असेल, तर तो बिनधास्त बदला; तोवर तुम्हाला नेमकं काय हवंय ते कळलेलं असेल.