बाजी, तिथंही सरपंच असतो का?

आठवीच्या वर्गात रोज एकानं बातमी वाचायची, असा आमचा परिपाठ आहे. त्या दिवशी एका मुलीनं फलस्तीनची बातमी वाचली आणि खाली बसता बसता विचारलं, "बाजी, तिथंही सरपंच असतो का?" वर्ग हसला. मला मात्र प्रश्न आवडला. आपण फलस्तीनसाठी दुआ करतो, पण तिथल्या गल्लीत पाणी कोण सोडतं, कचरा कोण उचलतं, हे कधी विचारत नाही.

मी फळ्यावर काही सनावळ्या लिहिल्या. वेस्ट बँकमध्ये नगरपालिका आणि ग्राम परिषदा आहेत. १९७६ साली इस्रायलच्या ताब्यातच तिथं नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या आणि बायकांना पहिल्यांदा मत मिळालं. लोकांनी मनासारखे नगराध्यक्ष निवडले. त्यातले नाबलुसचे बस्साम शकआ १९८० साली मोटारीत ठेवलेल्या बॉम्बनं दोन्ही पाय गमावून बसले. १९८२ साली लष्करी प्रशासनानं त्यांना पदावरून काढलं. पुढं २००४-०५ मध्ये टप्प्याटप्प्यानं पुन्हा निवडणुका झाल्या आणि बायकांसाठी जागा राखल्या गेल्या. २०१२, २०१७ आणि २०२१-२२ च्या निवडणुका वेस्ट बँकमध्येच झाल्या, गाझामध्ये नाही. संसदेची निवडणूक २००६ साली झाली, त्यानंतर वर्षानुवर्षं ती लांबतच गेली. म्हणून तिथल्या माणसाला स्वतःच्या मतानं काही बदलता आलं तर ते बहुतेक गावाच्या परिषदेतच.

मुलं लिहून घेत होती. मग मी विचारलं, "आपल्या ग्रामसभेला तुमच्या घरून कोण जातं?" तिघांनी अब्बांचं नाव घेतलं. अम्मी जाते, असं कुणीच म्हणालं नाही.

वाचक भगिनींनो, हा प्रश्न मी वर्गातून घरी घेऊन आले.

आपल्याकडं हे हक्क फुकट पडून आहेत. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशीवरून १९६२ साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि ग्रामपंचायतीला घटनेचा आधार मिळाला. २०११ पासून आपल्या राज्यात पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. गावच्या मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सभासद असते. त्यासाठी निवडून यावं लागत नाही. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असंही कायदा सांगतो. पंचायतीच्या उत्पन्नातला दहा टक्के हिस्सा महिला आणि बालकल्याणावर खर्च व्हायला हवा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचा मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. शाळेतलं मुलींचं स्वच्छतागृह, मोहल्ल्यातली नाली, कब्रस्तानाकडं जाणारा रस्ता, हे सगळं गावच्या आराखड्यात बसू शकतं. मात्र कुणीतरी उठून मागावं लागतं.

मागायला निघालेल्या एका आईची गोष्ट सांगते. नाव आणि गाव सांगत नाही.

आमच्या शाळेत तिच्या दोन मुली शिकल्या. थोरलीनं सातवीनंतर शाळा सोडली. कारण साधं होतं : हायस्कूल दुसऱ्या गावात आणि बस वेळेवर नाही. धाकटीचं तसं होऊ नये म्हणून ही भाभी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला गेली आणि बसच्या ठरावासाठी उभी राहिली. लोक आधी चकित झाले, मग ठराव झाला. पुढच्या निवडणुकीत तिचा वॉर्ड मागासवर्गीय महिलेसाठी राखीव निघाला. ती पिंजारी बिरादरीची. मोहल्ल्यातले बुजुर्ग म्हणाले, "बेटी, तूच उभी राहा."

तिनं तयारी केली आणि कागदावर अडली.

राखीव जागेसाठी जातीचा दाखला लागतो आणि जात पडताळणीही. इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. तोही माहेरचा, कारण बाईची जात वडिलांकडून धरतात. तिनं सासरचे कागद गोळा केले होते, ते कामाचे नव्हते. माहेरच्या गावी वडिलांचं नाव शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात सापडलं. जातीच्या रकान्यात एकच शब्द होता : "मुसलमान."

ही चूक कुणा एकाची नाही. आपल्या बुजुर्गांना जात सांगणं पटत नव्हतं. इस्लाममध्ये जात नाही, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. पण सरकारी रकाना ईमानाचा नसतो. पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा आणि त्यातून आलेला मागासलेपणा तो नोंदवतो. पिंजारी, मोमीन, बागवान, तांबोळी, अत्तार यांसारख्या बिरादऱ्यांना इतर मागासवर्गाच्या सवलती मिळाव्यात म्हणून जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी चळवळ उभी केली. अभिनेते दिलीपकुमारही तिच्या पाठीशी उभे राहिले. त्यातून मिळालेला हक्क रकान्यातल्या एका शब्दापाशी अडतो.

भाभीच्या चुलत आजोबांची नोंद शेवटी दुसऱ्या तालुक्यातल्या जुन्या उर्दू शाळेत मिळाली. रजिस्टर उर्दूत होतं. नावापुढं स्पष्ट लिहिलं होतं : पिंजारी. मी शेजारी बसून ओळ न्‌ ओळ मराठीत उतरवून दिली. तिनं कागदावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "बाजी, दादांनी माझ्यासाठी लिहून ठेवलं होतं, आम्हीच वाचलं नाही." पण तोवर अर्ज भरायची मुदत संपली होती. जागा दुसरीकडं गेली. आता तिच्या हातात पडताळणीचं प्रमाणपत्र आहे. ती पुढच्या निवडणुकीची वाट बघते आहे आणि प्रत्येक ग्रामसभेला जाते. धाकटी यंदा नववीत आहे.

वाट बघणं आपल्या जिल्ह्यालाही नवं नाही. बुलढाणा जिल्हा परिषद २०१७ साली निवडली गेली. तिची मुदत २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आले. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता, म्हणून राज्यभर निवडणुका रखडल्या. प्रशासक कितीही चांगला असला तरी त्याच्या दारात मोहल्ल्यातली बाई सहज जात नाही. सदस्य असेल तर त्याला रस्त्यात अडवून विचारता येतं. लोकांनी निवडलेला माणूस नसला की काय हरवतं, हे फलस्तीनच्या लोकांना आपल्यापेक्षा खूप जास्त ठाऊक आहे. तिथं निवडणूक फौजेनं आणि राजकारणानं अडवली. आपल्याकडं पुष्कळदा आपणच दार लोटून घरात बसतो.

म्हणून तीन कामं सुचवते. पहिलं, मतदारयादीत घरातल्या प्रत्येक सज्ञान बाईचं नाव तपासा. सून आली की तिचं नाव माहेरच्या यादीतून इकडं आणा. दुसरं, वडिलांच्या, आजोबांच्या शाळेत जाऊन दाखल-खारीजचा उतारा आत्ताच काढा, निवडणूक लागल्यावर नाही. रजिस्टर उर्दूत असेल तर उर्दू जाणणाऱ्या शिक्षकाला सोबत न्या. तिसरं, पुढच्या ग्रामसभेला दोघी-तिघी मिळून जा. आपला मुद्दा लेखी द्या आणि पोच घ्या. सभा न होताच रजिस्टर घरी सहीला आलं, तर सही करू नका.

मशवरा ही आपल्या दीनची जुनी शिकवण आहे. कुरआनातल्या एका सूरहचं नावच शूरा आहे. ग्रामसभा म्हणजे गावाचा मशवरा. त्यात आपली जागा रिकामी राहिली, तर निर्णय थांबत नाही. तो आपल्याशिवाय होतो.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीनं मला वर्गाबाहेर गाठलं. म्हणाली, "बाजी, अम्मी विचारते, पुढची ग्रामसभा कधी आहे?"

मी तारीख सांगितली.