खणांचं घर, पांढरीच्या भिंती

शिराळा भागात जुन्या घराचं माप फुटांत सांगत नाहीत. घर किती खणांचं, एवढंच विचारतात. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. खांबांवर तुळया, वर आढं, आढ्यापासून उतरते वासे, त्यांवर रीपा आणि कौलं. नीट बांधलेल्या घरात छपराचा भार खांबच पेलतात, म्हणून एखाद्या पावसाळ्यात भिंतीचा कोपरा ढासळला तरी छप्पर जागेवर राहतं.

आतली मांडणी शेतकऱ्याच्या गरजेची. पुढं सोपा, मधे अंधारं माजघर, तिथंच धान्याचं बळद, शेवटी चूल, मागं परडं. गोठा बऱ्याचदा त्याच छपराखाली, पण जमीन पायरीभर खाली, म्हणजे मूत-पाणी घरात न येता बाहेर वाहून जातं. इंग्लंडमध्ये डार्टमूरच्या माळावरच्या मध्ययुगीन शेतघरांतही हीच युक्ती दिसते: उताराच्या वरच्या अंगाला माणसं, खालच्या अंगाला जनावरं आणि मधून आरपार बोळ.

भिंतीची माती शेतातली नसते. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. त्यामुळं पिढ्यान्‌पिढ्या वस्ती असलेल्या जागेची पांढरी खणून आणतात. ती भिजवायची, भाताचं तूस घालून पायांनी तुडवायची, काही दिवस कुजू द्यायची, मग भेंडे पाडून उन्हात वाळवायचे. भेंड्यांखाली काळ्या दगडाचं जोतं हवंच. पागोळ्यांचे शिंतोडे दगडानं झेलायचे, मातीनं नव्हे.

खरी कसोटी छपराची. शिराळा तालुक्याच्या पूर्वेला पाऊस बेताचा, पण चांदोलीकडे जावं तसा तो वाढत जातो. म्हणून मृगाच्या आधी शाकारणी उरकावी लागते.

शाकारणारा वाशांवर पाय रोवून बसतो. नळीची कौलं ओळीनं उतरवतो, पालापाचोळा झाडतो, फुटकं कौल बाजूला टाकतो. मांडणी वळचणीपासून वर: एक कौल उताणं, दोहोंच्या सांध्यावर एक पालथं, आणि वरच्याची कड खालच्यावर. वानरांनी एक कौल सरकवलं तरी पाणी वाशावर उतरतं आणि लाकूड कुजायला लागतं. बाझेल मिशननं १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. तिथली खाचेची कौलं एकमेकांत अडकतात. ती गावोगाव पोचली तशी दरवर्षीची शाकारणी कमी झाली.

आता जुनी घरं दुरुस्त करताना बरेच जण भिंतीला सिमेंटचा गिलावा करतात. दिसायला तो पक्का वाटतो, पण मातीतली ओल आत कोंडते, गिलावा फुगून सुटतो आणि आतली भिंत भुसभुशीत होते. विल्यम मॉरिसनं १८७७ मध्ये लंडनला स्थापन केलेली जुन्या इमारती जपणारी संस्थाही अशा भिंतींवर सिमेंट नको, असंच सांगते. तेव्हा आपलं घर मातीचं असेल, तर गिलावा पांढरीचाच करा आणि पैसे आधी कौलांवर व जोत्यावर खर्च करा.