व्हिसा हाती आला. आधी अमानत फेडा, मग बाजार विचारा

मालवण, देवगड, वेंगुर्ले, बांदा या पट्ट्यातील आपल्या लोकांना परदेश नवा नाही. आखातात उमेद घालवलेली माणसे प्रत्येक मोहल्ल्यात भेटतात. पण आखाताचा व्हिसा वेगळा आणि अमेरिका-कॅनडात कायम राहण्याचा इमिग्रंट व्हिसा वेगळा. आखातात कफील आहे तोवर मुक्काम. नोकरी संपली की परत गाव. म्हणून बायको-मुले घरी, पैसा घरी आणि जीवही घरी, हा हिशेब तिथे बरोबर होता. तोच हिशेब इमिग्रंट व्हिसाला लावला तर इथले दुकानही जाते आणि तिथला हक्कही. आमच्या व्यापारी व कारागीर वाचकांसाठी हा विषय आज मांडत आहोत.

समजा, मालवणच्या पेठेत कापडाचे दुकान असलेल्या एका गृहस्थाला अमेरिकेचा नागरिक झालेल्या भावाने बोलावले आहे. भावंडांच्या वर्गात भारतीयांचा नंबर लागायला पंधरा वर्षांहून अधिक काळ जातो. अर्ज घातला तेव्हा कडेवर असलेला मुलगा मुलाखतीच्या वेळी एकवीस वर्षांचा होऊन गेलेला असतो. अर्ज मंजूर व्हायला सरकारने घेतलेला काळ वयातून वजा करण्याची सोय कायद्यात आहे. तरीही काही घरांत थोरला मुलगा मागे राहतो. मग बाप ठरवतो, "दुकान मुलाकडे ठेवू, आंब्याच्या हंगामात आणि ईदला येत राहू." इथेच सावध व्हायला हवे.

केपटाऊनचा धडा

ही अडचण आजची नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून अनेक कोकणी मुसलमान दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला गेले. (सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झाला.) त्यांची घरे कोकणात आणि रोजी केपमध्ये. केप सरकारच्या १९०६ च्या कायद्यानंतर गावी यायचे तर परतीचा परवाना काढून यावे लागे आणि मुदतीत परतावे लागे. लग्न, आजारपण किंवा जमिनीच्या भानगडीत मुदत टळली तर वर्षानुवर्षे मेहनत करून मिळवलेला राहण्याचा हक्क जाई.

आजचे नियम

शंभर वर्षांनंतरही गोष्ट फारशी बदललेली नाही. अमेरिकेचा इमिग्रंट व्हिसा साधारण सहा महिने चालतो. त्या मुदतीत तिथे पोचलेच पाहिजे. प्रवेशाचा शिक्का बसला की तोच व्हिसा वर्षभर ग्रीन कार्डाचे काम देतो आणि खरे कार्ड टपालाने घरी येते. पुढे सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिल्यास परतताना प्रश्न विचारले जातात. एक वर्ष उलटले तर नुसत्या कार्डावर परत जाता येत नाही. त्यासाठी पुनर्प्रवेशाचा परवाना लागतो. तो साधारण दोन वर्षांचा असतो आणि त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. मालवणातून होत नाही. नागरिकत्वासाठी सर्वसाधारणपणे पाच वर्षांचे वास्तव्य आणि त्यात निम्मा काळ प्रत्यक्ष हजेरी हवी. कॅनडात कायम वास्तव्य टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस तिथे राहावे लागते.

म्हणजे व्हिसा हा फक्त दरवाजा उघडतो. घर टिकते ते राहण्याने.

निघण्यापूर्वी

हिजरतच्या रात्री रसूलुल्लाह (स.) यांनी हजरत अली (रजि.) यांना मक्केत मागे ठेवले, ते लोकांच्या अमानती परत करण्यासाठी. अमानत ठेवणाऱ्यांत जिवावर उठलेले विरोधकही होते. आपल्या व्यापाऱ्याने निघताना हाच नमुना समोर ठेवावा. उधारीची वही बंद करावी. घाऊक व्यापाऱ्याचे देणे चुकवावे, येणे लिहून घ्यावे. वडिलांच्या जमिनीत बहिणींचा शरीअतप्रमाणे हिस्सा असेल तर तो आताच द्यावा आणि सातबाऱ्यावर वारसांची नोंद करून घ्यावी. भाऊ परदेशी गेल्यावर हे काम रखडते आणि नाती तुटतात.

दुकान मुलाच्या नावे करायचे असेल तर जीएसटीची नवी नोंदणी त्याच्या नावाने घ्यावी. एकट्या मालकाची नोंदणी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. बँकेत कळवून साधे बचत खाते एनआरओ करून घ्यावे. बागेची काळजी नको: इथे राहत असताना घेतलेली शेतजमीन ठेवता येते, वारशानेही मिळू शकते. मात्र अनिवासी झाल्यावर नवी शेतजमीन किंवा बाग विकत घेता येत नाही. कुणाला कुलमुखत्यारपत्र द्याल तर ठराविक कामापुरतेच द्या. परदेशात केलेले मुखत्यारपत्र महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावे लागते.

पोचल्यावर

हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) मदीन्याला रिकाम्या हातांनी पोचले. हजरत साद बिन रबी (रजि.) या अन्सारी भावाने आपली निम्मी मालमत्ता देऊ केली. त्यांनी बरकतीची दुआ दिली आणि विचारले, बाजार कुठे आहे? मग पनीर आणि तूप विकून त्यांनी आपला जम बसवला.

अमेरिकेतला भाऊ कायद्यानेच जामीन राहिलेला असतो. तुम्ही नागरिक होईपर्यंत किंवा साधारण दहा वर्षे काम करीपर्यंत ती जबाबदारी त्याच्या मानेवर असते. म्हणून पहिल्या महिन्यातच त्याच्यावरचा भार कमी करायला लागा. सोशल सिक्युरिटी नंबर घ्या, गाडीचा परवाना काढा. आरोग्य विम्याला विलंब नको. सरकारी विमा बाजारात नव्याने आलेल्यास नाव घालायला साधारण ६० दिवस मिळतात, आणि विम्याशिवाय दवाखान्याचे एक बिल वर्षाची कमाई खाऊ शकते.

कारागिरांनी ध्यानात ठेवावे: वायरमन, प्लंबर आणि केशकर्तनकाराला तिथे बहुतेक राज्यांत परवाना लागतो, आणि प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. आयटीआयचा दाखला आणि जुन्या मालकाचे अनुभवपत्र इंग्रजीत करून सोबत न्या. परवाना मिळेपर्यंत परवानाधारकाच्या हाताखाली काम करण्यात कमीपणा मानू नका. पेठेत शेठ म्हणवणाऱ्याला दुसऱ्याच्या गल्ल्यावर उभे राहणे जड जाते, हे आम्ही जाणतो. पण गल्ल्यावर उभे राहिल्याशिवाय तिथले गिऱ्हाईक कळत नाही.

तिथे पत मोजतात ती बँकेच्या नोंदीवर. मालवणातला शब्द तिथे चालत नाही. क्रेडिट कार्डाची पूर्ण रक्कम तारखेआधी भरली तर खरेदीवर व्याज लागत नाही आणि पतही तयार होते. घरासाठी बिनव्याजी पद्धतीने पैसा पुरवणाऱ्या संस्थाही तिथे आहेत. करार मात्र जाणत्या आलिमाला दाखवून घ्या.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. अमेरिकेत राहणाऱ्याला जगभरच्या कमाईचा हिशेब द्यावा लागतो. बागेचे उत्पन्न भारतात शेतीचे म्हणून आयकरमुक्त. तिथे मात्र ते दाखवावेच लागते. परदेशातील सर्व खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर तेही वेगळे कळवावे लागते.

जायचे की नाही, हे ज्याने त्याने घरात बसून ठरवावे. पेठेतले दुकान चांगले चालत असेल आणि जीव इथेच गुंतला असेल तर न जाणे हाही शहाणपणाचा सौदा आहे. पण जायचे ठरले तर पूर्ण जा. गावी भेटीला या, मशिदीला मदत पाठवा, मागे राहिलेल्या मुलाला आधार द्या. मात्र चूल एकाच ठिकाणी पेटवा. दोन होड्यांत पाय ठेवणाऱ्याचे काय होते, ते मालवणच्या किनाऱ्यावर कुणाला सांगायला नको.